पळ, बस थांबव

परवा पंचमीला भावाकडे निघाले तेव्हा जालन्याहून मिळालेल्या जीपच्या ड्रायव्हरला म्हटलं, मला फाट्यावरच सोड. तो ऐकेना. आता गावात मारुतीच्या देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता झालाय, जीप थेट आत जाते, आणि माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या बाईला भर रस्त्यात उतरवलं तर गाव त्यालाच नावं ठेवील, असं त्याचं म्हणणं. शेवटी मी वर्गातला आवाज काढला. मी निवृत्त झाले तरी तो आवाज अजून नोकरीत आहे. जीप थांबली. त्यानं माझी पिशवी खाली ठेवली आणि मान हलवत निघून गेला.

फाट्यावर ओळखीचं काही उरलेलं नव्हतं. रस्ता रुंद करताना बाभळी गेल्या, बाभळीखालची चहाची टपरी गेली, गावाच्या नावाचा चुना लावलेला दगडही गेला. वास तेवढा होता. श्रावणातली ओली काळी माती, फुलावर आलेला मूग आणि मधूनच डिझेल. मी डोळे मिटून उभी राहिले. खरं सांगायचं तर डोळे भरून आले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यांना ते दिसायला नको होतं.

तीस वर्षं मी जालन्यात पोरांना मराठी शिकवलं. समानार्थी शब्दांच्या यादीत 'पळणे'च्या समोर 'धावणे' लिहून दिलं आणि दर वेळी वाटलं की आपण पोरांना फसवतोय. आमच्या गावात कोणी धावत नव्हतं. धावायचे ते देव, तेही कथेत, भक्तावर संकट आल्यावर. धावायचा तो पुस्तकातला घोडा. आमच्याकडची माणसं, कुत्री, वासरं, आभाळातले ढग, सगळे पळायचे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे मी एकदा 'हरीण पळतं' म्हणाले तर गुरुजींनी डोळे वटारले. 'धावतं' म्हण म्हणाले. मी म्हटलं, पण ते धावताना पळतच असंल ना. साहेब हसले आणि गुरुजींनी मला दुसऱ्या दिवशी बघून घेतलं.

माझी आई, म्हणजे आमची माय, तो शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरायची. पळ, चूल विझली, शेजारून विस्तव आण. पळ तिकडं, म्हणजे मोठी माणसं बोलताहेत, तुझं काम नाही. पळ बरं, हे लाडात असायचं, पदराला धरून मागे लागलं की. अंगात ताप असला की कपाळावर हात ठेवून म्हणायची, उद्या पळशील. गावात आजाऱ्याची चौकशीही तशीच व्हायची. पोरगं पळतंय का आता, असं विचारायचे, आणि हो म्हटलं की विचारणारा पुढं जायचा. बरं होणं म्हणजे पळता येणं, इतका साधा हिशोब होता. चांगल्या बैलाबद्दल, नव्या सायकलीबद्दल, शिवणयंत्राबद्दलसुद्धा पहिला प्रश्न तोच, पळतंय का. मी वर्गात पोरांना त्या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगायचे तेव्हा मला मायची सगळी वाक्यं एकदम ऐकू यायची आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचे.

पण गावात माझ्या वाट्याला आलेला पळ वेगळा होता. तो फक्त मलाच म्हटला जायचा आणि त्यात तीन शब्द असायचे. पळ, बस थांबव.

गाव रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. एसटी गावात येत नसे, फाट्यावर थांबायची, तीही कोणी उभं असलं तर. जालन्याला जाणारी गाडी दिवसातून एकच. तिच्या येण्याला काही धरबंध नव्हता, कधी तासभर आधी, कधी दोन तास उशिरा, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, तान्ही लेकरं घेतलेल्या बायांनी उन्हात कितीक वेळ तिष्ठत बसायचं? म्हणून गावानं आपली एक रीत काढली होती. गावाच्या वरच्या अंगाला पडक्या गढीचा बुरूज होता. तिथून लांबचा चढ दिसायचा. चढावर बसची काच चमकली की बुरुजावरून कोणीतरी ओरडायचं, आली. निघणारी माणसं घरात तयार होऊन बसलेली असायची. ती उठायची, देवाला हात जोडायची, ओटी भरून घ्यायची, आणि तेवढ्यात एक चपळ पोर पुढं पळत सुटायचं. त्यानं फाट्यावर जाऊन बस धरून ठेवायची. मागून माणसं आपल्या चालीनं यायची.

नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत ते पोर म्हणजे मी.

माझ्याआधी ते काम आक्काकडं होतं. आक्का माझी थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. ती शहाणी झाली, तिचं पळणं बंद झालं आणि एक दिवस तिनं मला नाल्यावरच्या पुलापर्यंत नेऊन सगळं शिकवलं. गाडीवाटेनं पळायचं नाही, पावसाळ्यात काळी माती तळव्याला धरते आणि दहा पावलांत पायांत जोडे तयार होतात. बांधावरच्या गवतावरून पळायचं. पुलावर दम खायचा नाही, दम खाल्ला की पाय जड होतात. आणि बस थांबली की एक पाय पायरीवर ठेवायचा, दुसरा जमिनीवरच. पोरीचा पाय खाली असताना कोणताही कंडक्टर घंटी मारत नाही. हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं आणि सांगताना ती तिथेच पुलाच्या कठड्यावर एक पाय ठेवून उभी राहिली होती, कंबरेवर हात ठेवून. मी इतकी सुंदर मुलगी त्याआधी पाहिली नव्हती.

मला त्या कामाचा फार गर्व झाला. लोक दाराशी येऊन विचारायचे, पोरगी हाय का घरी? मी अभ्यासाला बसलेली असले तरी माय म्हणायची, हाय की. मला गावात एसटीवाली म्हणत. गुळाचा खडा, मूठभर शेंगा, लग्नातला लाडू असं काहीबाही हातावर पडायचं. कंडक्टर ओळखायला लागले होते. आज कोणाला बाळंत करून राह्यली गं, असं एकजण विचारायचा, कारण मागून येणारी प्रत्येक बाई अवघडलेली आहे असंच मी सांगायचे. एकदा मागून सत्तर वर्षांचे एक आजोबा आले आणि अख्खी बस हसली. मीही हसले. पायरीवरचा पाय काही काढला नाही.

पळतानाचं अजून आठवतं. परकर गुडघ्यावर खोचलेला, कानात वारा, ज्वारीच्या पानांची दंडाला लागणारी धार, नाल्याच्या पाण्याचा गार वास आणि मग एकदम डांबराचा. माझ्या भरवशावर अवघं गाव मागं चालत येतंय, आणि मी नसेन तर त्याला कुठे जाताच येणार नाही, असं वाटायचं. तेवढी गरज मग कोणाला माझी पडली नाही. नवऱ्याला नाही, पोरांनाही नाही. नवरा गेला, पोरं पुण्यात आहेत, आणि फोनवर काळजी घे म्हणतात.

आक्काचं लग्न झालं ते लांब, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. लग्नानंतरच्या पंचमीला ती पहिल्यांदा माहेरी राहायला आली. मनगटं बारीक झाली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जेवताना ताट मांडीजवळ ओढून घ्यायची आणि भरभर खायची. दिवसा कुठेही आडवी झाली की झोपायची. माय विचारायची, बरं हाय ना तिकडं? ती म्हणायची, बरंय. एवढंच. पंचमीच्या दिवशी तवा-विळी बंद, म्हणून मायनं पुरणाची दिंडं उकडली होती. त्यांचा वास घरभर होता. चिंचेला झोका बांधला होता. बाकीच्या पोरी पाळीपाळीनं बसत होत्या. आक्का एकदा बसली ती उतरलीच नाही. पोरी कुरकुरल्या तशी मी त्यांच्यावर ओरडले, कारण माझी आक्का होती.

चार दिवसांनी ती निघाली. जालन्याच्या स्टँडवर तिचा दीर येऊन थांबणार होता, तिथून तो तिला पुढं नेणार. सकाळपासून माय तिच्या पिशवीत काही ना काही भरत होती, लाह्या, मुगाची डाळ, लोणच्याची बरणी. आक्का ते सगळं बाहेर काढून परत लावत होती. बुरुजावरून आरोळी आली तेव्हा तिची पिशवी उघडीच होती. मायनं माझ्याकडं बघितलं.

"पळ, बस थांबव."

मी पळाले. त्या दिवसासारखी मी आयुष्यात कधी पळाले नाही. रात्री पाऊस झाला होता, गाडीवाट सगळी चिखलाची, पण मी बांधावरून गेले, पुलावर थांबले नाही, आणि फाट्यावर पोचले तेव्हा बस अजून वळणावरच होती. ती थांबली. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं बघितलं. माय देवळापर्यंतच यायची, लेकीला वाटे लावताना ती त्याच्यापुढं जात नसे. देवळापासून आक्का एकटीच पिशवी घेऊन येत होती. फार हळू येत होती. पुलापर्यंत आली आणि कठड्यावर बसली.

मला वाटलं पायात काटा मोडला. तिनं चपला काढल्या, पुसल्या, बाजूला ठेवल्या, आणि बसून राहिली. बसमधले लोक कुरकुरायला लागले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर म्हणाला, पोरी, पाय काढ. मी काढला नाही. माझी आक्का आहे, सासरी चाललीये, तिचा दीर जालन्याला थांबलाय, त्याला कोण सांगणार, असं सगळं मी एका दमात सांगितलं आणि वर थोडी रडलेही, खोटं खोटं. तो नरमला. मग मी दोन्ही हात वर करून आक्काला बोलावलं. नाचले म्हटलं तरी चालेल. ये, ये, थांबवलीय मी.

ती उठली. चपला तिनं हातातच घेतल्या. जवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, दमली असशील. मग चढली. बस वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होते. परत येताना पळायची गरज नव्हती तरी पळाले आणि दारातूनच ओरडले की आज जितका वेळ बस धरली तितका वेळ गावात कोणी कधी धरली नसेल. माय चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. लेक सासरी गेली की आया रडतातच, म्हणून मी जाऊन शेंगा खात बसले.

पुढच्या दोन पंचम्या आक्का आली नाही. पाठवलं नाही, एवढंच घरात बोललं गेलं. तिसऱ्या वर्षी आली तेव्हा कडेवर लेकरू होतं आणि झोक्याकडे तिनं बघितलंही नाही. बरंय, म्हणाली.

मग वर्षं गेली, कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. माझं पळणं चौदाव्या वर्षी बंद झालं आणि बस धरायला दुसरं पोर आलं. पुढं काही वर्षांनी बस गावात यायला लागली. मग जीपा आल्या, मोटरसायकली आल्या, आणि कोणाला काही धरून ठेवायची गरज उरली नाही. बुरूज पावसात ढासळत ढासळत सपाट झाला. माय गेली, वडील गेले. भावाची नातवंडं शाळेला पिवळ्या गाडीतून जातात. त्यांना मी परवा म्हटलं, पळा बरं, बघू कोण पहिलं जातंय. त्यांनी वहिनीकडं बघितलं, ही काय म्हणतेय अशा नजरेनं.

मागच्या हिवाळ्यात आक्काला जालन्याच्या दवाखान्यात आणलं होतं. किडन्या कामातून गेल्या होत्या. तिचे लेक आळीपाळीनं यायचे आणि दुपारी मी मऊ भाताचा डबा घेऊन जायचे. दोन घास खायची आणि माझ्याशी गावच्या गोष्टी बोलायची. तिचे पाय सुजले होते, मी ते मांडीवर घेऊन बसायचे. एका दुपारी तिला हसवावं म्हणून मी ती माझी बढाई काढली. म्हटलं, तुझी ती बस आठवते का, आख्खी एसटी थांबवून ठेवली होती मी तुझ्यासाठी.

ती खिडकीकडं बघत राहिली.

"मी मुद्दाम बसले होते पुलावर," ती म्हणाली. "दीर रिकामा वापस गेला असता तर पोळ्यापर्यंत न्यायला कोणी आलं नसतं. तेवढे दिवस भेटले असते."

पोळा म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. मी तिला विचारलं, मग तू उठून आलीस कशाला? पुलावरच बसून राहायचं होतंस. मी थकून पाय काढला असता, बस गेली असती.

"तू हात वर करून नाचून राह्यली होतीस," आक्का म्हणाली. "एवढ्या लोकांत तुझी फजिती झाली असती. तुझ्या तोंडाकडं पाह्यलं. मंग बसले गाडीत."

आणि ती हसली. मला हसवायला हसली, हे मला कळत होतं. मी म्हणाले, मला सांगायचं तरी. तर म्हणाली, काय सांगायचं, लहान होतीस. मग तिला पाणी हवं होतं. डॉक्टरांनी मोजून दिलेलं पाणी, ते मी चमच्यानं पाजलं. त्यावर आम्ही परत बोललो नाही. तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

तेव्हापासून मी माझी ती पाच वर्षं परत परत तपासून बघते. किती बाया मागून हळू चालत यायच्या. एखादी पदर सारखा करायला थांबायची, एखादी विहिरीपाशी पाणी प्यायला वळायची, आणि मला वाटायचं, या बायांना पळता येत नाही. मला कधी त्यांच्यातल्या कोणाला विचारावंसं वाटलं नाही की तुला जायचंय का. विचारायला थांबले असते तर बस गेली असती ना. त्यातल्या बऱ्याच आता नाहीत. आक्काच्या बाबतीत तर मला सगळं दिसत होतं, बारीक मनगटं, ओढून घेतलेलं ताट, झोका. मी तेरा वर्षांची होते, अगदी लहान नव्हते. पळायची घाई होती म्हणून दिसलं नाही, असं मी स्वतःला सांगते, आणि ते मला पटत नाही.

परवा फाट्यावर हे सगळं मनात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. ऊन उतरायला लागलं होतं. भावाचा फोन येऊन गेला, कुठं अडकलीस म्हणून. इतक्यात जाफराबादकडून एसटी आली, जालन्याला जाणारी. मी हात केला. का केला ते मला सांगता येणार नाही, मला कुठे जायचं नव्हतं. गाडी करकरत थांबली. दार उघडलं. कंडक्टर एक तरुण बाई होती, तिशीची असेल, खाकी कोट, केसांत पंचमीचा गजरा. या मावशी, म्हणाली.

मी चढले नाही. मान वळवून गावाच्या वाटेकडं बघत राहिले. सिमेंटचा पांढरा रस्ता पुलापर्यंत सरळ दिसत होता. पुलाला आता लोखंडी कठडा आहे.

तिनंही पायरीवरून वाकून त्या बाजूला बघितलं.

"कोणी येऊन राह्यलंय का मागून?" तिनं विचारलं. "येऊ द्या सावकाश. थांबते मी."

बसमधलं कोणी कुरकुरलं नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मुगाच्या शेतात कुठेतरी टिटवी ओरडत होती, तेवढाच आवाज. ती मुलगी खरंच थांबली होती, दाराच्या दांड्याला धरून, माझ्याकडं बघत.

"नको थांबू, पोरी," मी म्हणाले. "जाऊ दे गाडी."